एकाच घरातली दोन देशहितं: सोयाबीनवरून भाऊबीजेला झालेलं भांडण

रामबागकर
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.१०

मंडळी, राजकारणावर पुन्हा धागा काढणार नाही असं मी मागच्या निवडणुकीनंतर इथेच लिहून दिलं होतं. ते मोडतोय. जुना दुवा शोधून तोंडावर फेकू नका, मला आठवतंय.

गुरुवारी भाऊबीज. ताई आणि भाऊजी सांवेरहून आले. भाऊजींची तिकडे बावीस बिघे जमीन, खरिपाला सगळं सोयाबीन. घरात काकू. काका गेल्यापासून चौदा वर्षं त्या फराळाच्या ऑर्डरी घेतात, आमच्या गल्लीत त्यांची शेव न खाल्लेला माणूस सापडणार नाही. आणि भाचा, बंगळूरहून आलेला. हातात मोबाइल, तोंडात अमेरिका.

पानं उठली आणि भाच्यानं सुरुवात केली. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलंय, त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतो म्हणून. तर आपण अजिबात वाकू नये, उलट इराणचंही तेल पुन्हा घ्यायला लागावं, वगैरे. जूनमध्येही आमच्या इंदुरात हेच होतं. इस्रायल-इराणचे ते बारा दिवस आठवा. राजवाड्यापासून छप्पन दुकानापर्यंत पोह्याच्या प्रत्येक ठेल्यावर एक सेनापती उभा होता. जग वापरतं त्यातलं पाचव्या हिश्श्याइतकं खनिज तेल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातं, हे पोह्यावर जिरावण शिंपडणाऱ्या पोरालाही पाठ झालं होतं. मग लढाई थांबली, भाव खाली आला, सेनापती क्रिकेटकडे वळले.

भाऊजी सुपारी कातरत म्हणाले, "अमेरिकेचं राहू दे रे. ३० मेला आपल्याच सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क वीसचं दहा टक्के केलं, त्यावर बोल. बाहेरचं पाम आणि सोया तेल स्वस्त झालं की माझ्या सोयाबीनला कोण विचारणार?"

काकू झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "कमी केलं ते फार बरं केलं हो जावईबापू. मागच्या वर्षी सप्टेंबरात वाढवलं तेव्हा डब्यामागे तीनेकशे रुपये एका आठवड्यात चढले. माझ्या ऑर्डरी गणपतीतच जुन्या दरानं घेऊन झालेल्या. ती दिवाळी मी फुकट तळली."

"काकू, शेतकरी मेला तर देश मेला."

"आणि गरिबानं शेव खायची नाही? तो देशात राहत नाही?"

मग जे व्हायचं ते झालं. ताईनं ओवाळणीचं ताट आत नेलं. भाचा गप्प. त्याला वाटलं होतं वाद ट्रम्पशी आहे.

मला तेव्हापासून एकच गोष्ट डाचतेय. आपण इथे 'भारतानं अमुक करावं' असं धडाधड लिहितो, तो भारत कोण? भाऊजी की काकू? म्हणून या धाग्यापुरता एक नियम घालतोय. प्रतिसाद देताना आधी लिहा की तुम्ही काय विकता आणि काय विकत घेता. मत मागाहून.

मी: विकतो नोकरी (विमा). घेतो सगळंच.

---

माळवी_मिरची
शनिवार, रात्री ११.३२

विकते: काही नाही, शाळेत शिकवते. घेते: तुमच्या काकूंची शेव. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

राष्ट्रहित_प्रथम
रविवार, २६ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

हा नियमच मान्य नाही. किराण्याच्या यादीवरून परराष्ट्र धोरण ठरत नसतं. अमेरिकेला आपल्याला जीएम (जनुकीय बदल केलेला) मका आणि जीएम सोयाबीन विकायचं आहे, व्यापार करारात त्यासाठीच दाब टाकला जातोय. अशा वेळी घरातल्या कढईचा विचार करणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. देश म्हणून उभं राहायचं तर थोडं महाग खावं लागेल. खावं.

---

विदा_द्या
रविवार, सकाळी ७.४०

राष्ट्रहित, "खावं" हे आज्ञार्थी आहे की आत्मनेपदी? तुम्ही काय विकता ते लिहायचं राहिलं.

---

राष्ट्रहित_प्रथम
रविवार, सकाळी ७.४४

सॉफ्टवेअर. अमेरिकेला. झालं समाधान?

---

विदा_द्या
रविवार, सकाळी ७.४६

झालं.

---

शिप्रातीर
रविवार, सकाळी १०.१५

विकतो: सोयाबीन, गहू, थोडा लसूण. घेतो: डिझेल, डीएपी खत, औषधं आणि हो, तेलसुद्धा. घरचं सोयाबीन काही आम्ही घाण्यात घालत नाही.

रामबागकर, तुमच्या भाऊजींना नमस्कार सांगा. ते शुल्काबद्दल बोलले ते बरोबर, पण अर्धं. माझ्या डोक्यात २०२१ बसलंय. त्या वर्षी जुलै-ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांना टेकलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा वडिलांनी हिशेबाची वही स्वतःहून बाहेर काढून बसलेले पाहिले. तेव्हा आमच्याकडे विकायला माल नव्हता म्हणा, ऑगस्टात कुणाकडे असतो, पण नवं पीक शेतात उभं होतं आणि स्वप्नं वहीत. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली की कोंबड्यांचं खाद्य परवडत नाही. आणि मग एरवी जीएमच्या नावानं दारं बंद ठेवणाऱ्या आपल्याच सरकारनं बारा लाख टन जीएम सोया पेंड आयात करायला परवानगी दिली. आमचा माल मंडीत येईपर्यंत भाव पार खाली. वर २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीनचा वायदा (पुढच्या महिन्यांच्या मालाचा आजच भाव ठरवून होणारा सौदा) बंद केला, तो अजून बंद आहे. त्यामुळे पेरताना पुढच्या चार महिन्यांचा अंदाज बांधायला होतं नव्हतं तेही गेलं.

म्हणजे भाव चढला की "जनतेचा विचार करा", भाव पडला की "काय करणार, जागतिक बाजार". दोन्हीकडून नियम तोच, शेतकऱ्यानं गप्प बसायचं.

यंदा तर पिवळ्या मोझॅक रोगानं आधीच अर्धं खाल्लं, उरलेलं काढणीच्या वेळी पावसात भिजलं. हमीभाव ५,३२८. मंडीत चार हजारांच्या आगेमागे. राष्ट्रहितजी म्हणतात थोडं महाग खावं. खा की! पण तुम्ही महाग खाल्लेलं माझ्यापर्यंत पोचतंय का, हे कुणी तपासलंय?

---

ग्वाल्हेरकर
रविवार, दुपारी १२.२०

विकतो: काही नाही, निवृत्त. घेतो: मोहरीचं तेल, आमच्या चंबळपट्ट्याचं. तुमच्या पामवर आमची कढई चढत नाही.

मोरेना-भिंडकडचा मोहरीवाला शेतकरीही आयात शुल्क वाढवा म्हणतो, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्लीतला कचोरीवाला कमी करा म्हणतो. तेव्हा हे भांडण फक्त इंदूरचं आहे असा गैरसमज नको. शहर स्वच्छतेत पहिलं आलं म्हणून सगळंच तुमचं पहिलं नाही. (हलके घ्या.)

---

पेंडवाला
रविवार, दुपारी ३.५०

विकायचो: पेंड. आता विकतो काही नाही, मुलीकडे पुण्यात राहतो आणि नातीला शाळेत सोडतो.

इंदूरच्या बाजूला एका सोया प्लांटमध्ये हिशेबखात्यात माझी सव्वीस वर्षं गेली. नाव सांगत नाही. दाण्यातून तेल काढायला वापरतात त्या हेक्झेनचा गोडसर वास अजून कधीकधी स्वप्नात येतो. शिप्रातीर यांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईल असं वाटतं, जरा लांबेल.

बाहेरच्या लोकांना वाटतं सोयाबीन हे तेलाचं पीक आहे. ते पेंडीचं पीक आहे. शंभर किलो दाण्यातून तेल निघतं साधारण अठरा किलो. उरतं ते ऐंशी-ब्याऐंशी किलो, म्हणजे पेंड, आमच्या भाषेत डीओसी. ती कोंबड्या आणि जनावरं खातात, आपल्या इथल्या आणि परदेशातल्या. आता पाटीवर हिशेब मांडा. तेल किलोमागे दहा रुपयांनी वाढलं तर क्विंटलभर सोयाबीनमागे प्लांटला १८० रुपये जास्त सुटतात. आणि पेंड किलोमागे तीनच रुपयांनी उतरली तर २४० रुपये जातात. प्लांटवाला सकाळी मंडीचा भाव काढतो तो या दोन्हीची बेरीज करून. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के झालं तरी शेतकऱ्याच्या हातात फारसं काही आलं नाही. काकूंचे तीनशे रुपये गेले हे खरं. ते भाऊजींकडे गेले नाहीत. दोघं एकमेकांवर उगाच चिडलेत.

मग पेंड का पडली? इथे मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. आखाती तेलावरचं अवलंबित्व कमी करायचं म्हणून आपण पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालायला लागलो. हेतू देशाचाच, त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. इथेनॉल उसापासून होतं तसं मक्यापासून आणि तांदळापासूनही होतं. मका-तांदूळ आंबवून इथेनॉल काढल्यावर जो चोथा राहतो, डीडीजीएस म्हणतात त्याला, त्यात प्रथिनं भरपूर आणि भाव पेंडीपेक्षा खूप कमी. पोल्ट्रीवाल्यानं पेंडीचं प्रमाण उतरवलं आणि चोथा घातला. कोंबडीला काय, तिला देशहित कळत नाही.

आता भाच्याचं इराण. हे माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. इराणवर अमेरिकेचे निर्बंध, म्हणून २०१२ पासून व्यवस्था अशी होती की इराणच्या तेलाचे काही पैसे आपल्या कंपन्या रुपयांत, कोलकात्याच्या युको बँकेतल्या खात्यात भरायच्या. अमेरिकेत फारसा पसारा नसलेली बँक म्हणून ती निवडलेली. नोव्हेंबर २०१८ पासून तर सगळंच रुपयांत. इराणला ते रुपये दुसरीकडे कुठे चालणार? मग तो त्यातून आपल्याकडून बासमती, चहा, औषधं आणि पेंड घ्यायचा. २०१८-१९ ला आपल्या पेंडीच्या सगळ्यात वरच्या गिऱ्हाइकांत इराण होता. आपली पेंड जीएम नाही, म्हणून दोन पैसे जास्तही मिळायचे.

मे २०१९ मध्ये अमेरिकेनं निर्बंध असूनही इराणचं तेल घ्यायची आपल्याला दिलेली सवलत संपवली, आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. पेपरात बातमी तेलाची. कुणी पेंडीबद्दल अक्षर लिहिलं नाही. पण तेल थांबलं म्हणजे खात्यात रुपये पडणं थांबलं. आधीचे शिलकीतले संपत आले, तसतशी आमच्याकडे इराणच्या मालाची बिलं तुंबायला लागली. माझ्या टेबलाच्या डाव्या कप्प्यात एक हिरवी फाइल होती. आधी आठवड्याला दोन कागद बाहेर जायचे, मग महिन्याला एक. शेवटी ती फाइल मी शिपायाला सांगून कपाटावर ठेवली, कारण रोज दिसली की साहेब विचारायचे.

त्या दिवसांत मंडीत भाव पडला की शेतकरी आडत्याला शिव्या घालायचा. आडत्या प्लांटला. प्लांट म्हणायचा एक्स्पोर्ट नाही. वॉशिंग्टनचं नाव गेटवर कुणीच घेतलं नाही.

---

माळवी_मिरची
रविवार, दुपारी ४.१८

काका, दंडवत. हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली आहे.

---

राष्ट्रहित_प्रथम
रविवार, संध्याकाळी ५.०२

पेंडवाला काकांच्या माहितीबद्दल आदर आहे. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. २०१९ ला आपण झुकलो म्हणून पेंड अडकली. तेव्हा ठाम राहिलो असतो तर?

---

विदा_द्या
रविवार, संध्याकाळी ५.३०

विकतो: वेळ, एका बँकेला. घेतो: गृहकर्ज.

तर असं, राष्ट्रहितजी: तेल आणणारी कंपनी, तिचा विमा उतरवणारी, जहाजवाली आणि पैसे फिरवणारी बँक, या सगळ्यांना डॉलरमध्ये व्यवहार करायचे असतात. सरकारनं कितीही छाती काढली तरी विमा नसलेल्या जहाजावर माल चढत नाही. २०२२ नंतर रशियाचं जमलं कारण रशियाचं तेल बाजारात राहावं अशीच तेव्हा अमेरिकेची इच्छा होती, फक्त स्वस्तात विकलं जावं म्हणून त्यावर किमतीची कमाल मर्यादा घातलेली. आपला वाटा दोन टक्क्यांखालून एक तृतीयांशाच्या पुढे गेला तो त्या फटीतून. त्यात आपलं शौर्य किती आणि फट किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

शिवाय २०१९ ला "ठाम राहिलो असतो" तर तुमच्या सॉफ्टवेअरच्या बिलांवर काय झालं असतं याचाही एक प्रतिसाद लिहा. नियमानुसार.

---

राष्ट्रहित_प्रथम
रविवार, संध्याकाळी ५.४१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

व्यवस्थापक
रविवार, संध्याकाळी ६.००

एक प्रतिसाद काढला आहे. कुणाच्या नोकरीवरून, देशभक्तीवरून आणि आईवडिलांवरून बोलू नये. इंदूर-ग्वाल्हेर स्वच्छतेचा वाद खरडवहीत न्यावा.

---

चकलीचा_साचा
सोमवार, २७ ऑक्टोबर, दुपारी २.२५

विकते: चकली, शेव, चिवडा, शंकरपाळी. घेते: तेल. बाकी बेसन वगैरे आहे, पण झोप उडवतं ते तेल.

दिवाळी उरकली, आज पहिल्यांदा निवांत बसलेय म्हणून लिहिते. रामबागकर, तुमच्या काकूंना मी ओळखत असेन कदाचित, आमच्या धंद्यात सगळ्या एकमेकींना ओळखतो आणि एकमेकींचा दर चोरून विचारतो.

आपण वापरतो त्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. हे मला कुणी शिकवलं नाही, डब्यानं शिकवलं. २०१९ च्या सप्टेंबरात मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर काहीतरी बोलले. मी बातमी ऐकली आणि भाजी चिरत राहिले. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं शुद्ध पामतेलाची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणायचं नाही. सियागंजातल्या माझ्या दुकानदारानं डबा देताना सांगितलं, "ताई, मलेशिया से पंगा हो गया." तेव्हा मला महाथीर आठवले. मग २०२२. फेब्रुवारीत युक्रेनची लढाई, सूर्यफूल गायब. आपलं बहुतेक सूर्यफूल तेल तिथून यायचं. सूर्यफूलवाले सगळे पामवर आले, पाम चढलं. २८ एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली, त्यांच्याच लोकांना मिळेना म्हणून. जेमतेम पंचवीस दिवस टिकली ती बंदी, २३ मेला उठली. पण त्या पंचवीस दिवसांत माझ्याकडे एका मुंजीची ऑर्डर होती, साठ किलो.

आता कबुली देते. दर ठरलेला होता, वाढवून मागायची हिंमत झाली नाही. मी अर्धा किलोची पाकिटं ४५० ग्रॅमची केली. कागदावर वजन लिहिलेलंच नसायचं तेव्हा. मुंजीच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या आजीचा फोन. त्यांच्याकडे सोनाराचा काटा होता, सराफ्यात दुकान. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, सांगायचंस की." एवढंच. मी फोन ठेवून ओट्याशी बराच वेळ उभी राहिले. त्या आजीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून पाकिटावर वजन छापते आणि ऑर्डर घेताना लिहून घेते: तेलाचा डबा अमुक रुपयांच्या वर गेला तर दर बदलेल. लोक हसतात. एक जण म्हणाला, "ताई, चकलीला एक्स्चेंज रेट लावता का?" हो, लावते.

राहता राहिलं शुल्काचं. वाढवा किंवा कमी करा, माझी एकच मागणी आहे. श्रावणात सांगा, नवरात्रात नको.

---

शिप्रातीर
सोमवार, दुपारी ३.१०

ताई, शेवटचं वाक्य आमचंही. फक्त आमचं पंचांग वेगळं आहे. आम्हाला पेरणीच्या आधी सांगा, काढणीच्या तोंडावर नको.

---

विदा_द्या
सोमवार, रात्री ९.३५

या दोन प्रतिसादांनंतर खरं म्हणजे धागा बंद करायला हवा, पण माझ्यानं राहवत नाही. कारण मध्य प्रदेश सरकारनं ताई आणि शिप्रातीर दोघांनाही खूश करायचा एक मार्ग काढलाय: भावांतर. २०१७ मध्ये केली होती, यंदा सोयाबीनसाठी पुन्हा आणली, २४ ऑक्टोबरपासून विक्री सुरू. तेल स्वस्त राहू द्या, शेतकऱ्यानं मंडीत मिळेल त्या भावाला विकावं, हमीभावातला फरक सरकार त्याच्या खात्यात घालेल. म्हणजे काकूंचं तेल वाढलं नाही, भाऊजींना ५,३२८ मिळाले. पैसे कुणी दिले? तुम्ही आणि मी, करातून. मला हे प्रामाणिक वाटतं. निदान बिल कुणाच्या नावावर फाडलंय ते दिसतं. आयात शुल्कात ते शेवेत मिसळून जातं.

---

शिप्रातीर
सोमवार, रात्री १०.०५

कागदावर. फरक माझ्या भावाशी नाही, मॉडेल रेटशी मोजतात. म्हणजे सगळ्या मंड्यांची सरासरी. समजा मॉडेल रेट ४,००० निघाला, फरक १,३२८. पण माझा भिजलेला माल ३,६०० ला गेला, तर माझ्या हातात ४,९२८. वरचे चारशे कुणाचे? पावसाचे म्हणा हवं तर. आणि ज्याचा माल उत्तम, तो मॉडेल रेटच्या वर गेला तर फरक त्याच्या विक्रीभावापासून धरतात, म्हणजे घासाघीस करून भाव वाढवून घेण्यात त्याला रस राहत नाही. व्यापाऱ्याला हे कळत नाही असं समजू नका.

---

विदा_द्या
सोमवार, रात्री १०.२०

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मागे घेतो, अर्धा.

---

पेंडवाला
मंगळवार, २८ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

अर्धाच घ्या. २०१७ लाही हीच तक्रार होती, पण हम्मालापासून आडत्यापर्यंत मंडी चालू राहते हा भावांतरचा फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय. सरकारनं स्वतः खरेदी केली की बारदान नाही, गोदाम नाही, तुलाई बंद, आणि आठ-आठ दिवस ट्रॉल्यांची रांग. नातीची बस आली, उरलेलं नंतर.

---

रामबागकर
शनिवार, १ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

उशिरानं आलो. काल भाऊजींबरोबर मंडीत गेलो होतो, ते लिहितो.

सांवेरची मंडी सोडून ते लक्ष्मीबाई नगरला येतात, प्लांटवाल्यांची माणसं तिथे जास्त असतात म्हणून. पहाटे साडेपाचला ट्रॉली गेटवर. पावती झाली, ढीग पडला. मग आम्ही उभे. समोर शंभरेक ढीग, प्रत्येकाशेजारी एक माणूस आपल्याच मालाकडे पाठ करून उभा, जणू त्याचा संबंध नाही. साडेदहाच्या सुमारास व्यापाऱ्यांचं टोळकं आलं. पहिल्यानं ढिगाच्या पोटात हात कोपरापर्यंत घातला. वरचा दाणा सगळेच चांगला ठेवतात. मूठ बाहेर काढून त्यानं एक दाणा दाताखाली धरला. कट् असा आवाज यायला हवा. आला नाही. तो काहीच बोलला नाही, नुसता भाऊजींकडे बघून हसला. अट सगळीकडे ठरलेली आहे, १०-२-२: ओल दहा टक्के, कचरा दोन, डागी दोन. त्याच्या वर गेलं की कटौती.

बोली होईपर्यंत मी फोन काढला. भाच्याचे सहा मेसेज. गुरुवारी बुसानला ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, चीन अमेरिकेचं सोयाबीन पुन्हा घेणार, वर्षअखेरपर्यंत १ कोटी २० लाख टन, असं अमेरिका म्हणतेय, शिकागोच्या सोयाबीन बाजारातला भाव चढलाय. "मामा, बाबांना सांग आज विकू नका, तेजी येणार." मी भाऊजींना वाचून दाखवलं. बाजूच्या ढिगावरचा म्हातारा म्हणाला, "भिया, शिकागो में मायश्चर कितना चल रिया है?" आमच्यासकट आजूबाजूचे चार ढीग हसले.

विकलं. थांबायला गोदाम नाही, गव्हाची पेरणी तोंडावर, आणि भिजलेला माल रोज काळा पडतोय.

परतताना सियागंजात थांबलो. उद्या तुळशीचं लग्न, ताईकडे पन्नास माणसं जेवायला. भाऊजींनी सोया तेलाचा डबा काढायला सांगितला, किंमत ऐकली आणि म्हणाले, "काय लूट चालवलीय! सरकार काय झोपलंय का?"

मी काही बोललो नाही. ते स्वतःच माझ्याकडे बघून थांबले. मग दुकानदाराला म्हणाले, "पामोलिनचा काय दर आहे?"

काकूंना हे सांगितलंय. त्यांनी भाऊजींसाठी शेव पाठवलीय, दोन किलो, शेंगदाणा तेलातली. पैसे घेतले नाहीत.

---

राष्ट्रहित_प्रथम
शनिवार, सकाळी ९.५८

त्या दिवशी जास्त बोललो. विकतो: सॉफ्टवेअर. घेतो: पुढच्या दिवाळीपासून चकलीच्या साच्याची चकली, वजन छापलेली.

---

शिप्रातीर
शनिवार, सकाळी १०.१२

सगळं लिहिलंत, भाव लिहिला नाहीत. कितीला गेलं?

---

रामबागकर
शनिवार, सकाळी १०.१५

३,८५०. ओल चौदा निघाली.